द सी वुल्व्ह्ज

दुसऱ्या महायुद्धात मुरगाव (गोवा) बंदरात झालेल्या एका गुप्त ब्रिटिश कारवाईवर आधारलेला इंग्रजी हेरगिरी-साहसपट (१९८०). दिग्दर्शक अँड्र्यू मॅक्लॅग्लेन, निर्माता यूअन लॉइड, पटकथाकार रेजिनाल्ड रोझ. ग्रेगरी पेक, रॉजर मूर, डेव्हिड निव्हन व ट्रेव्हर हॉवर्ड हे यातील प्रमुख नट होत. चित्रपटाचे बाह्यचित्रण मुख्यत्वे गोव्यात झाले. रंजनाच्या दृष्टीने व इतिहासाच्या दृष्टीने या चित्रपटाविषयी परस्परविरोधी मते व्यक्त झाली असून त्यांची छाननी केल्याशिवाय मुरगावच्या मूळ घटनेचे यथार्थ आकलन होत नाही.

महायुद्धाला सप्टेंबर १९३९ मध्ये तोंड लागले, तेव्हा हिंदी महासागरातील काही जर्मन व्यापारी जहाजांनी जवळच्या तटस्थ बंदरांचा आश्रय घेतला. गोवा त्या वेळी पोर्तुगालच्या अमलाखाली होता व पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता. झुआरी नदीच्या मुखाशी असलेल्या मुरगाव बंदरात एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स व ब्राउनफेल्स ही तीन जर्मन जहाजे नांगर टाकून राहिली. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यानंतर अँफोरा या इटालियन जहाजाचीही त्यांत गणना होऊ लागली. तटस्थतेच्या नियमांमुळे ब्रिटिश नौदलाला या जहाजांवर उघडपणे हल्ला करता येत नव्हता. एरेनफेल्सवर एक गुप्त बिनतारी प्रेषक असून दोस्तांच्या जहाजांच्या हालचालींची खबर त्यावरून जर्मन पाणबुड्यांना दिली जाते, असा ब्रिटिश हेरखात्याचा संशय होता.

ब्रिटिश गुप्त कारवाई संघटनेच्या हिंदुस्थानातील शाखेकडे (पुढे ही ‘फोर्स १३६’ या नावाने ओळखली गेली) हे काम आले. या शाखेचे लूइस प्यू व गॅव्हिन स्टूअर्ट हे अधिकारी १९४२ च्या अखेरीस गोव्यात जाऊन आले. नियमित सैन्य वापरल्यास पोर्तुगालशी तंटा उद्‌भवेल, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स व कलकत्ता स्कॉटिश या राखीव पथकांतील अठरा स्वयंसेवक निवडण्यात आले. त्यांतील बहुतेक कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्यांत काम करणारे मध्यमवयीन ब्रिटिश गृहस्थ होते. फीबी नावाची गाळ वाहणारी एक संथ होडी कलकत्त्याहून द्वीपकल्पाला वळसा घालून निघाली. स्वयंसेवक आगगाडीने कोचीनला पोहोचले व तेथे होडीवर चढले. ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी एरेनफेल्सवर हल्ला केला. गोव्यात तेव्हा कार्निव्हलचे दिवस होते आणि बरेचसे खलाशी किनाऱ्यावर राहावेत अशी तजवीज आधीच करण्यात आली होती. झटापटीत एरेनफेल्सचा कप्तान व काही जर्मन खलाशी मारले गेले. हल्लेखोरांपैकी मात्र कोणीही दगावले नाही. प्रेषक निकामी झाला. तथापि, जहाज ताब्यात घेऊन बंदराबाहेर काढण्याचा बेत फसला, कारण खलाशांनी जहाजाच्या तळाच्या झडपा उघडल्या. इतर जहाजांवरील खलाशांनीही आगी लावून आपापली जहाजे बुडविली. जहाजे खलाशांनी स्वतःच नष्ट केली, एवढेच जगापुढे आले. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्या खलाशांना अटकेत ठेवले.

ही कारवाई तीसहून अधिक वर्षे गुप्त राहिली. ऑगस्ट १९४३ मध्ये पोर्तुगालने ब्रिटनला अझोर्स बेटांवर तळ देण्याचा करार केला. हे ध्यानी घेतल्यास या गुप्ततेमागील राजकीय गरज स्पष्ट होते. स्वयंसेवकांना पदके मिळाली नाहीत. कलकत्ता लाइट हॉर्स हे पथक १९४७ मध्ये विसर्जित झाले. जेम्स लीझर या इंग्रज लेखकाच्या बोर्डिंग पार्टी (१९७८) या पुस्तकाने ही हकीकत सर्वसामान्य वाचकांपुढे आली व तिच्यावरूनच प्रस्तुत चित्रपट तयार झाला. ऑगस्ट १९७९ मध्ये हत्या झालेल्या लॉर्ड माउंटबॅटन यांच्या स्मृतीला तो अर्पण करण्यात आला आहे.

चित्रपटात प्यू (पेक), स्टूअर्ट (मूर) आणि कलकत्ता लाइट हॉर्सचे कर्नल बिल ग्राइस (निव्हन) ही पात्रे खऱ्या व्यक्तींच्या नावांनी येतात. याउलट, स्टूअर्टला मोहात पाडणारी हेर स्त्री (बार्बरा केलरमन) व तिच्या अनुषंगाने येणारे प्रेमप्रकरण कल्पित आहे. मूर हे त्या काळी जेम्स बाँड या गुप्तहेराच्या भूमिकेमुळे जगप्रसिद्ध होते. त्यांच्या वाट्याला आलेला भाग त्याच धाटणीने रचला गेला आहे.

रंजनमूल्याविषयी समीक्षकांचे मतैक्य नव्हते. प्रतिकूल मत असे, की नट वयस्क आहेत, पूर्वार्ध रेंगाळतो आणि गंभीर युद्धकथा व हलकीफुलकी हेरकथा यांचा सांधा नीट जुळत नाही. चित्रणाच्या सुमारास निव्हन सत्तरीला, तर पेक व हॉवर्ड साठीपलीकडे पोहोचले होते. अनुकूल मताचे समीक्षक याच गोष्टीकडे वेगळ्या दृष्टीने पाहतात. प्रत्यक्षातील स्वयंसेवकही तरुण नव्हते. त्यांचे सुटलेले देह, विसरलेली कवाईत व तरीही टिकून असलेली हौस यांतून निर्माण होणारा विनोद हा या चित्रपटाचा गाभा होय, असे त्यांचे प्रतिपादन आहे. बंदरातील हल्ल्याचा शेवटचा भाग व गोव्याच्या निसर्गाचे छायाचित्रण यांची मात्र दोन्ही पक्षांनी दखल घेतली. रिचर्ड ॲडिन्सेल यांच्या ‘वॉर्सा कंचेर्टो’ या रचनेचा संगीतकार रॉय बड यांनी केलेला उपयोगही उल्लेखनीय आहे.

ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. हल्ल्यानंतर हिंदी महासागरातील दोस्तांची जहाजहानी एकदम घटली, हे कारवाईच्या यशाचे प्रमाण म्हणून लीझर यांच्या पुस्तकाने मांडले व चित्रपटाने ते लोकप्रिय केले. मात्र १९४३ च्या आरंभी या महासागरातील जर्मन पाणबुड्यांचा मुख्य वावर दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत होता. अरबी समुद्राच्या बाजूने ‘मॉन्सून’ नावाचा पाणबुड्यांचा गट त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आला. पाणबुड्यांची ये-जा इंधन, दुरुस्ती व ऋतुमान यांवरही अवलंबून असे. त्यामुळे हानी हल्ल्यानंतर घटली हे मान्य केले, तरी ती हल्ल्यामुळेच घटली असे सिद्ध होत नाही. निश्चित फलित इतकेच, की शत्रूची चार जहाजे कायमची निकामी झाली. ती दोस्तांच्या उपयोगी मात्र पडली नाहीत.

दुसरा आक्षेप गोव्याच्या चित्रणासंबंधीचा आहे. ‘छोडो भारत’ आंदोलनाला हल्ल्याच्या वेळी जेमतेम सात महिने झाले होते. गोव्यातही त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांनी १९२८ मध्येच गोवा काँग्रेस समिती स्थापन केली होती. मुरगावच्या घटनेनंतर तीन वर्षांनी, १८ जून १९४६ रोजी, राममनोहर लोहिया यांनी मडगाव येथे सविनय कायदेभंगाला प्रारंभ केला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. चित्रपटाच्या कथेत या संदर्भाला स्थान नाही. त्यात गोवा ही केवळ रम्य पार्श्वभूमी आहे व गोमंतकीय माणूस दुय्यम आहे. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या सात हिंदुस्तानी (१९६९) या हिंदी चित्रपटात सीमा ओलांडून गोव्यात शिरणाऱ्या स्वयंसेवकांचीच साहसकथा आहे. पण तेथे साहसाचे प्रयोजन गोव्याची मुक्ती हे आहे. एकाच भूमीवरील या दोन साहसपटांची तुलना उद्बोधक ठरते. इंग्रजी चित्रपट साम्राज्याच्या अखेरच्या काळातील शौर्याचे स्मरण करतो, तर हिंदी चित्रपट साम्राज्याच्या अंताचे.

साहसपट या नात्याने द सी वुल्व्ह्ज मध्यम प्रतीचा, पण प्रेक्षणीय आहे. उपेक्षित स्वयंसेवकांच्या धाडसाला त्याने प्रसिद्धी दिली, हे त्याचे श्रेय होय. परंतु मुरगावच्या कारवाईविषयी जनमानसात रुजलेली समजूत बव्हंशी याच चित्रपटातून आलेली असल्याने तिचा दस्तऐवज म्हणून स्वीकार करता येत नाही. ज्यांच्या बंदरात ही जहाजे जळाली, त्या गोमंतकीयांनी ती रात्र कशी अनुभवली, याची नोंद या चित्रपटात नाही. ती नोंद घेणारा इतिहासच या घटनेला पूर्णत्व देऊ शकेल.