स्वमग्नता, एडीएचडी आणि मनाचा आधार : योग्य तज्ज्ञ कसा शोधावा?

लहानपणी 'धांदरट', 'हट्टी' किंवा 'माणूसघाणा' ही विशेषणे ज्यांच्या वाट्याला आली, अशा अनेकांना तिशी-चाळिशीत प्रथमच कळते, की आपल्या वागण्यामागे स्वमग्नता (ऑटिझम) किंवा एडीएचडी म्हणजे अवधान-अस्थिरता व अतिचंचलता आहे. कित्येकदा हा उलगडा स्वतःच्या मुलाच्या तपासणीच्या निमित्ताने होतो. तोवर नैराश्य, चिंता, निद्रानाश अशा तक्रारींवर वर्षानुवर्षे उपचार झालेले असतात आणि गुण मात्र आलेला नसतो. स्वमग्न प्रौढांमध्ये आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. त्यामुळे मदत कोणाकडे मागावी, हा प्रश्न केवळ सोयीचा राहत नाही.

दोष नव्हे, वैविध्य

मेंदूची घडण सर्वांची एकसारखी नसते आणि वेगळी घडण म्हणजे बिघाड नव्हे, ही भूमिका १९९० च्या दशकात स्वमग्न व्यक्तींच्याच चर्चांतून पुढे आली. ऑस्ट्रेलियातील ज्युडी सिंगर आणि अमेरिकी पत्रकार हार्वे ब्लूम यांच्या १९९८ मधील लेखनातून 'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द रूढ झाला. ही भूमिका मानणारा तज्ज्ञ अडचणी नाकारत नाही. औषधांनाही विरोध करत नाही. मात्र व्यक्तीला 'इतरांसारखे' करणे हे उपचाराचे उद्दिष्ट मानत नाही. हातांची चाळवाचाळव थांबवणे किंवा डोळ्याला डोळा भिडवायला लावणे यापेक्षा त्या व्यक्तीचा त्रास कमी होणे त्याला महत्त्वाचे वाटते.

यामागे कारण आहे. आपली वैशिष्ट्ये लपवून चारचौघांसारखे वागण्याच्या सततच्या खटाटोपाला 'मास्किंग' म्हणतात. त्यातून येणारा थकवा आणि चिंता यांचा संबंध संशोधनातून पुढे आला आहे. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडले, की स्वमग्न आणि इतर व्यक्तींमधील गैरसमज दुतर्फी असतो. समजून घेण्यात दोन्ही बाजू कमी पडतात. याच अंगाने 'स्वमग्नता' या मराठी शब्दावरही आक्षेप घेता येतो. स्वतःतच मग्न असणे असा त्याचा अर्थ होतो. प्रत्यक्षात अनेकांना माणसे हवी असतात, गोंगाट आणि गर्दी सोसत नाही.

निदानातील गुंता

अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती मे २०१३ मध्ये आली. तोपर्यंत त्या पुस्तिकेनुसार एकाच व्यक्तीला स्वमग्नता आणि एडीएचडी अशी दोन्ही निदाने देता येत नव्हती. याच आवृत्तीत 'अ‍ॅस्पर्जर' हे स्वतंत्र निदानही स्वमग्नतेच्या व्यापक वर्णपटात सामावले गेले. त्यामुळे जुने निदान अपुरे असू शकते. मुलींमध्ये लक्षणे वरवर दिसत नसल्याने त्यांचे निदान उशिरा होण्याचा संभव अधिक असतो.

कोण काय करतो?

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो. औषधे तोच देतो. एडीएचडीसाठी भारतात मिथाइलफेनिडेट आणि अ‍ॅटोमॉक्सेटिन ही औषधे उपलब्ध आहेत. त्यांपैकी पहिले नियंत्रित औषध असून, वैद्यकीय चिठ्ठीशिवाय मिळत नाही. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. सोबतच्या चिंता, निद्रानाश यांवर उपचार होतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतात व त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. 'समुपदेशक' ही पाटी मात्र अत्यल्प प्रशिक्षणानंतरही लावलेली आढळते. म्हणून शिक्षण आणि अनुभव विचारून घ्यावा.

मानसोपचारात बदल हवा

प्रचलित पद्धती जशाच्या तशा लागू पडत नाहीत. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने स्वमग्न प्रौढांसाठी २०१२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मानसोपचार अधिक आखीव ठेवावा, लेखी व चित्ररूप साहित्य वापरावे, भाषा सोपी ठेवावी, रूपके टाळावीत, अधूनमधून विश्रांती द्यावी आणि त्या व्यक्तीच्या आवडीच्या विषयांचा उपयोग करून घ्यावा असे सुचविले आहे. 'मनावर दगड ठेवा' असा सल्ला शब्दशः घेणाऱ्याची पंचाईत होते. 'आत्ता काय वाटते?' या प्रश्नाला उत्तर न देणारा माणूस टाळाटाळच करत असतो असे नव्हे; स्वतःच्या भावनांना नाव देणे अनेक स्वमग्न व्यक्तींना अवघड जाते. एडीएचडी असलेल्याने वेळ चुकवली, तर त्याला बेफिकीर ठरवण्याऐवजी आदल्या दिवशी आठवण करून देणारा तज्ज्ञ उपयोगी ठरतो.

पहिल्या भेटीपूर्वी विचारावे असे प्रश्न

- प्रौढ स्वमग्न किंवा एडीएचडी व्यक्तींसोबत काम केल्याचा अनुभव आहे काय?
- उपचाराचे उद्दिष्ट कोण ठरवते : पालक, तज्ज्ञ की स्वतः ती व्यक्ती?
- फोनऐवजी लेखी संदेशाने वेळ ठरवता येईल काय?
- खोलीतील प्रकाश, पंख्याचा आवाज, उदबत्तीचा वास यांत बदल करता येईल काय?
- शुल्क किती, आणि वेळ चुकल्यास नियम काय?

'तुम्ही तर अगदी व्यवस्थित बोलता, तुम्हाला कुठला ऑटिझम' किंवा 'लग्न झाले की सारे सुरळीत होईल' अशी उत्तरे मिळाल्यास दुसरा तज्ज्ञ शोधणे श्रेयस्कर. पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्यापासूनही दूर राहावे.

कायदा आणि सोयी

अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख नाही. स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही ४० बाबींची भारतीय मापनपद्धती वापरली जाते. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत स्वमग्न व्यक्तींना १ लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमासंरक्षण आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिला असून, विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण द्यावे अशी त्यात तरतूद आहे.

मुंबईतील 'उम्मीद' ही संस्था २००१ पासून विकासात्मक अडचणी असलेल्या मुलांसाठी कार्यरत आहे. मुंबईत पालकांचा 'फोरम फॉर ऑटिझम' आणि पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' आहे. मात्र या व्यवस्थेचा भर मुलांवर आहे. प्रौढांनी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील मनोविकार विभागापासून आरंभ करावा. तेथे खर्च कमी येतो. लहान गावांतील व्यक्तींना दृक्‌श्राव्य संवादातून होणारा मानसोपचार सोयीचा पडतो. घरचा परिचित कोपरा सोडावा लागत नाही, हा त्याचा आणखी एक लाभ.

तातडीची वेळ आल्यास 'टेलि-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. बोलणे जड जात असेल, तर नाव, निदान, घेत असलेली औषधे आणि 'मला उत्तर द्यायला वेळ लागतो' हे एक वाक्य कागदावर आधीच लिहून जवळ ठेवावे. हा कागद घरातील एका विश्वासू व्यक्तीकडेही असावा. आणीबाणीच्या क्षणी तो व्यक्तीच्या वतीने बोलू शकतो.