लॅपटॉप तापणे व पडदा लुकलुकणे (बाह्य मॉनिटर जोडल्यावर)

लॅपटॉपला दुसरा पडदा जोडताच पंखा घोंघावू लागतो, तळ चटका बसेल इतका तापतो आणि मॉनिटरवरचे चित्र लुकलुकते किंवा क्षणभर काळे होते. ही लक्षणे एकत्र दिसली तरी त्यांची कारणे बहुधा वेगळी असतात, म्हणून तपासही वेगवेगळा करावा. भोपाळच्या पूर्वेकडे, रायसेन रस्त्यावरच्या आनंद नगरसारख्या वस्तीत उन्हाळा या त्रासात भर घालतो. मे महिन्यात तिथे दुपारचा पारा ४० अंश सेल्सियसच्या पुढे जातो. बहुतेक लॅपटॉप मात्र ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असतात.

तापणे : स्वतंत्र ग्राफिक्स चिप असलेल्या अनेक लॅपटॉपांत एचडीएमआय पोर्ट थेट त्या चिपला जोडलेले असते. एरवी निजलेली चिप मॉनिटर लावताच जागी होते आणि नुसते टिपण लिहीत बसले तरी उष्णता वाढते. दोन पडद्यांचे रिफ्रेश रेट वेगळे असले, उदाहरणार्थ ६० आणि १४४ हर्ट्झ, तर काही चिपांची मेमरी चढ्या वेगावरच राहते. दोन्ही ६० वर आणून फरक पाहावा. खोली २५ अंशांवरून ४० वर गेली की त्याच कामाला चिपही जवळजवळ तेवढीच जास्त तापते आणि १०० अंशांच्या आसपास प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. झाकण मिटून काम केल्यास कीबोर्डमधून निघणारी उष्णता कोंडते. जुन्या लॅपटॉपचा तळ उघडला, की पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मधोमध धुळीचा राखाडी पट्टा नमद्यासारखा बसलेला दिसतो. चिमट्याने धरला तर तो अख्खा निघतो. उरलेली धूळ उडवायला हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. टचपॅड वर उचलले गेले असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते. अशा वेळी लॅपटॉप लगेच बंद करावा, चार्जिंगला लावू नये.

लुकलुकणे : विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा. तोही लुकलुकत असेल तर संशय डिस्प्ले ड्रायव्हरवर, तो स्थिर असेल तर एखाद्या अॅपवर. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा शांत असून फक्त मॉनिटर नाचत असेल, तर काहीही पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी केबल बदलावी; कित्येकांचा अख्खा दिवस ही पायरी गाळल्याने वाया जातो. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र ३० हर्ट्झपर्यंतच जाते. ६० हर्ट्झसाठी २.० चे पोर्ट आणि सेकंदाला १८ गिगाबिट वाहणारी केबल लागते. कमी कुवतीच्या लांब केबलवर चित्र अधूनमधून तुटते.

खोलीतल्या कूलरचे बटण दाबताच पडदा सेकंदभर काळा होत असेल, तर तो बटणातल्या ठिणगीतून उठणाऱ्या विद्युत अडथळ्याचा परिणाम असू शकतो. आखूड, चांगल्या आवरणाची केबल घ्यावी, कूलर वेगळ्या प्लगवर लावावा. लॅपटॉपच्या धातूच्या आवरणावर बोट फिरवताना झिणझिण्या आल्यास प्लगचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.