फट, लोलक आणि स्क्रू

हायडेलबर्ग, 1860. प्रयोगशाळेचं दार हळूच लोटा आणि आत आल्यावर पाय आपटू नका. धूळ उडाली की काम थांबतं, आणि का थांबतं ते थोड्याच वेळात तुमच्या डोळ्यांना दिसेल.

आधी वास येतो, कुजलेल्या मुळ्यासारखा. तो कार्बन डायसल्फाइडचा. टेबलावर तीन पायांची एक पेटी आहे, आतून काळी केलेली. तिच्या दोन तिरप्या बाजूंत दोन लहान दुर्बिणी खोचलेल्या आहेत. मधोमध काचेचा पोकळ लोलक आहे आणि वास येतोय तो द्रव त्यातच भरलेला आहे. पहिल्या दुर्बिणीचं नेत्रभिंग काढून तिथे पितळेच्या दोन पात्यांची अरुंद फट बसवली आहे. यंत्र म्हणायचं ते एवढंच.

फटीसमोर दिवा आहे. त्याची ज्योत तुम्हाला नीट दिसतही नाही, आणि हेच तिचं मोल. याआधीच्या दिव्यांच्या ज्योती स्वतःच पिवळ्याधमक असत. त्यांत टाकलेल्या पदार्थाचा रंग त्या पिवळेपणात बुडून जाई. इथे गॅसमध्ये हवा आधीच मिसळते, त्यामुळे ज्योत जवळजवळ रंगहीन राहते. कल्पना रॉबर्ट बुन्सेन यांची, पण दिवा घडवला विद्यापीठाचे यंत्रकारागीर पेटर डेसागा यांनी. शाळेच्या पुस्तकात दिव्याला एकच नाव असतं. तुम्ही मात्र दुसरंही लक्षात ठेवा.

ज्योतीजवळ उभे आहेत ते बुन्सेन. उजवा डोळा अधू आहे. 1843 मधल्या एका स्फोटात त्याची दृष्टी गेली. ज्योतीचे रंग ते आधी रंगीत काचांतून आणि निळीच्या द्रावणातून पाहून ओळखू पाहत होते. शेजारी उभ्या असलेल्या गुस्टाफ किरखोफ यांनी सुचवलं की प्रकाश लोलकातून का पाहू नये? भौतिकशास्त्रज्ञाचा हा एक प्रश्न, आणि रसायनशास्त्राच्या हाती नवं शस्त्र आलं.

आता डोळा दुसऱ्या दुर्बिणीला लावा. बुन्सेन प्लॅटिनमच्या तारेच्या टोकाला मिठाचा कण घेऊन ज्योतीत धरतात. अंधारात एकाएकी मिठातल्या सोडियमची पिवळी रेषा उभी राहते. पट्टा नव्हे, धूसर डागही नव्हे; रेषाच, कारण प्रत्येक रंगात तुम्हाला दिसते ती त्या फटीचीच प्रतिमा. फट रुंद केली की रेषा जाड होते आणि शेजारणीत मिसळते. अरुंद केली की धारदार होते, पण मंदही. ही ओढाताण वर्णपटमापनाला आजही चुकलेली नाही.

आता खोलीच्या दूरच्या कोपऱ्याकडे बघा. तिथे सोडियम क्लोरेट आणि दुग्धशर्करेचं मिश्रण पेटवलं जातं. सोडियमचं संयुग फक्त 3 मिलिग्रॅम, आणि खोली सुमारे 60 घनमीटरची. तुम्ही दिव्यापाशीच थांबा. काही मिनिटांत, कुणीही काही न टाकता, ज्योत पिवळी पडते आणि दुर्बिणीत ती रेषा ठळक होते. हिशेब करून दोघं सांगतात की मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाइतकं सोडियमही या यंत्राला कळतं. धुळीची भीती कशासाठी, ते आता उमगलं असेल. सोडियम सगळीकडे आहे: तुमच्या बाहीवर, या हवेत. यंत्र संवेदनशील झालं की आधी घाणच दिसू लागते. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. साधनाची ताकद आणि तिची किंमत, दोन्ही एकाच ज्योतीत दिसतात.

प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. त्याच वर्षी ड्यूर्कहाइमच्या खनिज पाण्याच्या अर्कात कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या निळ्या रेषा दिसतात. 44 टन पाणी आटवून हाती काही ग्रॅम क्षार येतात. ते एका नव्या मूलद्रव्याचे, सीझियमचे. पुढच्या वर्षी गडद लाल रेषांनी रुबिडियमचा पत्ता दिला.

पण पेटीत दोष आहे. खोली तापली की लोलकातल्या द्रवाची प्रकाश वाकवण्याची ताकद बदलते आणि रेषा जागा सोडतात. म्हणून 1861 च्या यंत्राकडे वळा. ते म्युनिकच्या श्टाइनहाइल यांच्या कारखान्यातून आलंय. द्रव गेला, भरीव फ्लिंट काचेचा लोलक आला. तिसऱ्या नळीतून एक मोजपट्टी लोलकाच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन थेट वर्णपटाशेजारी दिसते. फटीच्या अर्ध्या भागावर एक चिमुकला लोलक आहे; त्यामुळे ओळखीचा आणि अनोळखी, असे दोन पदार्थ वर-खाली एकाच वेळी तपासता येतात. आता रेषेची जागा आठवून सांगायला नको, वाचून सांगता येते.

वीसेक वर्षं ओलांडा. बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं तळघर. यंत्र चालू असताना तुम्हाला इथे कुणी येऊ देणार नाही, कारण अंगाच्या उबेनेही काम बिघडतं. इथले भौतिकशास्त्रज्ञ हेन्री रोलंड यांना लोलक नकोच आहे. लोलक निळ्या बाजूला वर्णपट ताणतो, लाल बाजूला दाटी करतो. त्यांना प्रकाश फोडायला हवं ग्रेटिंग: तांबं आणि कथिलाच्या चकचकीत मिश्रधातूवर हिऱ्याच्या टोकाने ओढलेल्या, अगदी समान अंतरावरच्या रेघा, इंचाला 14,438.

रेघ ओढणं सोपं आहे. अवघड आहे ते पुढच्या रेघेसाठी तेवढंच सरकणं, आणि ते ठरतं एका स्क्रूवर. म्हणून रोलंड आणि त्यांचे कारागीर थिओडोर श्नायडर यांनी तो स्क्रू लांब नटमध्ये घालून, तापमान स्थिर राहावं म्हणून पाण्यात ठेवून, घासून घासून आट्यांतल्या चुका झिजवल्या. 1882 पर्यंत पृष्ठभागही अंतर्गोल झाला. आरसा आणि ग्रेटिंग एकच, त्यामुळे मध्ये भिंग नको. काच ज्या अतिनील किरणांना अडवते, तेही आता पकडीत आले. फट, ग्रेटिंग आणि छायाचित्राची पट्टी एकाच वर्तुळावर बसवली की झालं. त्या वर्तुळाला रोलंड यांचंच नाव आहे.

तरी स्क्रू पूर्ण निर्दोष होईना. प्रत्येक फेऱ्यात तीच बारीक चूक परत आली, तर ठळक रेषेच्या दोन्ही बाजूंना खोट्या रेषा उमटतात. जाणकार त्यांना ‘भुतं’ म्हणतात. नमुन्यात नसलेलं मूलद्रव्य दाखवणाऱ्या या भुतांचा बंदोबस्त 1950 च्या दशकात एमआयटीत झाला. तिथे जॉर्ज हॅरिसन यांनी स्क्रूवर विश्वास ठेवणंच सोडलं आणि यंत्राचं सरकणं प्रकाशलहरींनी मोजून चालू कामातच दुरुस्त केलं.

आता आजच्या कोल्हापुरात या, शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या फाउंड्रीत. भट्टीतलं लोखंड वितळून तयार आहे. पळीभर धातूची टिकली ओतून, घासून लॅबमध्ये आणली आहे. तुम्हीच ती यंत्राच्या तोंडावर ठेवा. आर्गॉन सुटतो, कारण कार्बनची 193 नॅनोमीटरजवळची रेषा हवा गिळून टाकते. ठिणग्या तडतडतात. आत, रोलंड वर्तुळावर, अंतर्गोल ग्रेटिंग त्या प्रकाशाची वाटणी करतं. मिनिटाभरात पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, गंधक, फॉस्फरस यांचे टक्के येतात. सिलिकॉन कमी भरतंय. भट्टीवर फोन लावा, फेरोसिलिकॉन टाकायला सांगा आणि दुसरी टिकली मागवा.