मिरजेचे तीन रूळ आणि लॅपटॉपमधला हमाल

मिरज जंक्शनची एक गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर ती पटकन खरी मानत नाहीत. या एका स्टेशनात एके काळी तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ होते. पुणे, सातारा आणि कोल्हापूरकडचे ब्रॉडगेज, म्हणजे १६७६ मिलिमीटर. बेळगाव-लोंढ्याकडचे मीटरगेज, १००० मिलिमीटर. आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचे नॅरोगेज, फक्त ७६२ मिलिमीटर!

हे कोणी ठरवून केले नव्हते. आपल्याकडची मीटरगेज १८८२ साली स्थापन झालेल्या सदर्न मराठा रेल्वेची. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि वाढत वाढत १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पुढे १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर हा मार्ग ब्रॉडगेज झाला. बाकीचे दोन मात्र जिथल्या तिथे राहिले. लोंढ्याकडचा रूळ रुंद व्हायला नव्वदचे दशक यावे लागले, आणि पंढरपूरकडच्या छोट्या गाडीचा नंबर तर २०१० च्या सुमारास लागला.

रूळ बदलला की काय होते, याचा जरा विचार करा. मीटरगेजचे इंजिन धडधाकट असते, डबे मजबूत असतात. पण नव्या रुळावर ती चाके बसतच नाहीत. दोष इंजिनाचा नाही आणि रुळाचाही नाही. मग एका रुळावरच्या डब्यातली पोती पाठीवर घेऊन दुसऱ्या रुळावरच्या डब्यात टाकावी लागतात. हळद तीच, पोते तेच, पण मधे हमाल नसेल तर सगळा माल फलाटावर पडून!

संगणकातल्या या हमालाला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. नाव ऐकून गाडी चालवणारा माणूस डोळ्यांपुढे आणू नका. ड्रायव्हर हा एक छोटा प्रोग्राम असतो. एका बाजूला संगणकाची मुख्य प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम. दुसऱ्या बाजूला प्रिंटर, स्कॅनर, स्पीकर, वाय-फाय ही उपकरणे. प्रणालीचा हुकूम उपकरणाला समजेल अशा भाषेत पोचवायचा, आणि त्याचे उत्तर परत आणायचे, एवढेच त्याचे काम. प्रणाली बदलली की रूळ बदलतो. ३२ बिटच्या प्रणालीसाठी लिहिलेला ड्रायव्हर ६४ बिटच्या प्रणालीत चालत नाही, हे मीटरगेजच्या चाकासारखेच झाले.

हा त्रास आजचा नाही. १९९५ साली विंडोज ९५ आली, तेव्हा उपकरण जोडा आणि वापरा, बाकी प्रणाली बघून घेईल, असे आश्वासन होते. ते पुष्कळसे खरेही ठरले. पण ३० जानेवारी २००७ ला व्हिस्टा बाजारात आली, तिची आतली रचना वेगळी होती, आणि जगभरात एक्सपीवर उत्तम चालणारे कितीतरी प्रिंटर आणि स्कॅनर मुके झाले. उपकरणे बिघडली नव्हती. त्यांचा हमाल तेवढा मागच्या फलाटावर राहिला होता.

माझ्याकडेही गेल्या वर्षी हेच घडले. लॅपटॉपवर नवी प्रणाली आली, आणि दुसऱ्या दिवशी आवाज बंद व स्कॅनर गप्प. आवाजाचे काम अर्ध्या तासात झाले. डिव्हाइस मॅनेजर नावाची एक यादी असते. तिच्यात आवाजाच्या ओळीपुढे पिवळे त्रिकोणी चिन्ह दिसत होते. लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक पालथ्या बाजूला असतो, तो पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरून नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. झाले!

स्कॅनरचे तसे नव्हते. त्याच्या कंपनीने नव्या प्रणालीसाठी ड्रायव्हर लिहिलाच नव्हता. मदत केंद्राला फोन केला, तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “काका, तुमचं मॉडेल जुनं झालं. नवीन घ्या ना!” आता नवा स्कॅनर काही लाखाचा नसतो. पण मी सांगलीच्या शाळेतली जुनी हस्तलिखिते स्कॅन करत होतो. मुलांनी बोरूने आणि टाकाने लिहिलेले, रंगीत खडूंनी सजवलेले वार्षिक अंक. कागद हातात घेतला की कडा झडतात. अर्धे काम झाले होते, आणि काचेखालचा दिवा अजून लख्ख लागत होता. चालते यंत्र भंगारात का टाकायचे?

हाच प्रश्न अमेरिकेत १९८० च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन या तरुणाला पडला होता. एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. तो वारंवार अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा प्रोग्राम उघडा होता, त्यामुळे कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल अशी सोय स्टॉलमनने त्यात करून ठेवली होती. नव्या प्रिंटरचा प्रोग्राम मात्र कुलूपबंद. ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार झाल्याचे सांगून द्यायला नकार दिला. ती सल स्टॉलमनच्या मनात राहिली, आणि १९८३ साली त्याने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली. तिच्या कामाला १९९१ नंतर लिनक्सची जोड मिळाली. एका प्रिंटरच्या भांडणातून केवढे काम उभे राहिले पाहा!

त्याचा प्रसाद मलाही मिळाला. साताऱ्यात आमच्या शेजारच्या इंजिनिअरिंगच्या मुलाने माळ्यावरचा जुना संगणक खाली काढला, त्यावर लिनक्स घातले आणि स्कॅनर जोडला. ‘सेन’ नावाच्या प्रकल्पात जगभरचे लोक जुन्या स्कॅनरचे ड्रायव्हर लिहितात व सांभाळतात. आमचे मॉडेल त्यांच्या यादीत निघाले. कंपनीने सोडलेला हमाल कुठल्यातरी अनोळखी माणसाने पोसला होता.

मग नवी प्रणाली घेऊच नये का? असे मी म्हणणार नाही. जुन्या प्रणालीची सुरक्षा हळूहळू संपते, आणि बँकेचे व्यवहार तिच्यावर करणे धोक्याचे असते. रूळ रुंद झाले हे चांगलेच झाले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. मधे रुंदी बदलत असती तर ते पाणी हमालाच्या पाठीवरून कसे नेले असते?

पण रूळ बदलताना जुन्या डब्यातल्या मालाची सोय आधी करायची असते, आणि ती माल ज्याचा आहे त्यालाच करावी लागते. म्हणून माझ्या वयाच्या वाचकांना सांगतो. प्रणाली बदलण्याआधी घरातल्या प्रत्येक उपकरणाचे नाव व मॉडेल वहीत लिहा. नव्या प्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर आहे का, ते पाहा. असलेले ड्रायव्हर आणि आपल्या फाइली पेनड्राइव्हवर काढून ठेवा. बदलानंतर लगेच बिघडले, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये आधीच्या ड्रायव्हरवर परत जायची सोय असते, ती वापरून बघा. आणि उपकरण टाकून देण्याआधी एकदा शेजारच्या मुलाला विचारा.

हस्तलिखितांचे तीन अंक अजून बाकी आहेत. माळ्यावरून उतरलेला संगणक सावकाश चालतो, पण एक पान तीन-चार मिनिटांत होते. घाई नाही.