अबुकीरचे स्पार्क प्लग

स्कूटर रस्त्यात बंद पडली की आपण ती कडेला घेतो, जरा तिरकी करतो, प्लग काढून पुसतो आणि पुन्हा किक मारतो. आमच्या पिढीनं हे इतक्या वेळा केलंय की त्यात काही वाटेनासं झालं. पण हेच दोन हजार फुटांवर घडलं तर? तिथं कड नसते.

१९३० साली हौशी वैमानिकांचं लाडकं विमान होतं जिप्सी मॉथ. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, वर उघडं आभाळ. इंजिन एकच, शंभर अश्वशक्तीचं. चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग, म्हणजे एकानं दगा दिला तर दुसऱ्यानं सांभाळावं. तरीही इंजिन गप्प झालंच, तर विमान दगडासारखं कोसळत नाही. नाक खाली करून वेग राखायचा, घारीसारखं तरंगत यायचं आणि तेवढ्या मिनिटांत वाऱ्याच्या तोंडावर एखादं मोकळं शेत शोधायचं. बरं, खाली काय चाललंय ते सांगायला रेडिओही नाही. सारी भिस्त दोन डोळ्यांवर.

अशा विमानातून इंग्लंड आणि भारत यांमधलं अंतर एकट्यानं तोडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं होतं. सुरुवात कुठूनही करा, मुदतीत पोहोचा. तिघं निघाले. मनमोहन सिंग यांनी आपल्या विमानाला ‘मिस इंडिया’ असं नाव दिलं होतं. त्यांना दक्षिण फ्रान्समध्ये दलदलीच्या कुरणात सक्तीनं उतरावं लागलं. ते भारतात पोहोचले खरे, पण मुदत टळून गेली होती. एका कुरणानं बक्षीस खाल्लं, दुसरं काय!

उरले दोघे. कराचीचा अस्पी इंजिनिअर, वय अवघं सतरा, २५ एप्रिलला इंग्लंडहून भारताकडे निघाला. जे. आर. डी. टाटा, वय पंचवीस, ३ मे रोजी कराचीहून इंग्लंडकडे. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ अबुकीरचा विमानतळ होता. जे.आर.डी. तिथं उतरले, तर समोर आणखी एक मॉथ उभं. अस्पीचं! स्पार्क प्लगसाठी तो तिथं अडकून पडला होता. जादा प्लग त्याच्याजवळ नव्हते.

आता विचार करा. प्रतिस्पर्धी जमिनीला खिळलेला, त्याला लागणारी वस्तू आपल्या पिशवीत, आणि न देणं हा काही गुन्हा नव्हे. ‘माझे मलाच लागतील’ असं म्हटलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं, कारण ते खरंच होतं. पुढच्या प्रवासात स्वतःचंच इंजिन खोकायला लागलं असतं तर? जे.आर.डीं.नी प्लग काढून दिले. प्लग देणं म्हणजे शर्यतीतला वेळ देणं, एवढंच नाही. एकाच इंजिनाच्या विमानात ते स्वतःच्या जिवाच्या तरतुदीतला वाटा देणं होतं.

अस्पी ११ मे रोजी कराचीला पोहोचला. जे.आर.डी. थोडक्यात मागे पडले आणि बक्षीस अस्पीला मिळालं. तो पुढे हवाई दलात गेला आणि १९६० ते १९६४ या काळात भारतीय हवाई दलाचा प्रमुख होता. जे.आर.डीं.नी १९३२ मध्ये कराचीहून मुंबईच्या जुहूला टपाल आणलं, ती गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच.

अबुकीरची एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. अस्पीचा समुद्र ओलांडून झाला होता, जे.आर.डीं.च्या पुढे तो अजून पसरलेला होता. समुद्रावर इंजिन थांबलं तर उतरायला शेत कुठलं? निघताना त्या पोरानं अंगातलं लाइफ जॅकेट उतरवलं आणि आग्रहानं जे.आर.डीं.च्या हाती दिलं.