टोचन

आमच्या खोपोलीच्या गॅरेजात ‘टोइंग’ हा शब्द कधी कुणी उच्चारला नाही. गाडी टोचनवर आणायची, टोचन लावायचं, टोचन सोडायचं. इंग्रजी ‘टो-चेन’ मिस्त्रीलोकांच्या तोंडात घासून घासून टोचन झाली. गंमत म्हणजे चेन आम्ही क्वचितच लावली. साखळी ताणत नाही, त्यामुळे हिसका बसला की सगळा जोर कड्यावर येतो आणि कडं तरी उपटतं नाहीतर पुढच्या गाडीची पाठ तरी. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पहिला दोर गावच्या विहिरीवरचा होता. विहिरीवर इंजिन बसलं, मोट बंद पडली, आणि मोटेचा नाडा अण्णा खोपोलीला घेऊन आले. पुढे नायलॉनचा दोर आला. तो ताण खातो, पण तुटला की सापासारखा उलटा येतो. म्हणून अण्णा दोराच्या मधोमध ओलं गोणपाट बांधायचे. दोर तुटलाच तर गोणपाटाच्या वजनाने तो खाली पडतो, आणि गाड्यांच्या मधून घुसू पाहणाऱ्या सायकलवाल्याला दिसतोही.

बोरघाटाला मदतनीस लागतो, हे मोटारी यायच्या आधीपासूनचं. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने 1830 साली घाटातला गाडीरस्ता खुला केला. 1863 ला रेल्वे घाट चढली. आजही कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ती ढकलत लोणावळ्याला नेतात. रस्त्यावरच्या मोटारींना असलं मागून ढकलणारं कुणी नव्हतं. होता तो शिंग्रोबा. ज्या धनगराने साहेबाला घाटाची वाट दाखवली म्हणतात, त्याचं देऊळ जुन्या रस्त्याला आहे आणि ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जातात. नाणं टाकूनही गाडी बंद पडली, तर निरोप आमच्याकडे यायचा.

अण्णांकडे मिलिटरी डिस्पोजलमधली जीप होती. मी सतरा वर्षांचा असताना, 1972 च्या मे महिन्यात, शिंग्रोबाच्या जरा वर एक फियाट अडकल्याचा निरोप आला. लग्नाची मंडळी होती. फॅनबेल्ट तुटलेला, तरी मालकाने गाडी तशीच दामटली आणि हेड गॅस्केट उडवलं. रेडिएटरमधून वाफ, रस्त्यावर पानाचा डबा उघडून बसलेली आजी, आणि एक मामा सगळ्यांना सांगत होता की दोर बांधा नि ओढा, त्यात काय एवढं!

मी लगेच फियाटचं दार उघडलं. गाडी मला येत होती; गॅरेजच्या आवारात दोन वर्षं पुढे-मागे करत होतो. अण्णा म्हणाले, “उतर खाली. लायसन कुठाय तुझं?” मी म्हटलं, इंजिन तर बंद आहे, नुसतं स्टिअरिंग धरायचं. ते म्हणाले, “नुसतं?” आणि मामालाच विचारलं, तुमच्यात लायसनवाला कोण? मालकाला बसवलं. बाकी मंडळींना, आजीसकट, मागून येणाऱ्या टेंपोत घातलं. टोचनवरच्या गाडीत सवारी बसवायची नाही, हा अण्णांचा स्वतःचा कायदा होता. त्याचा राग त्या मामाला किती आला ते मी विसरलो नाही; माझा राग त्याहून जास्त होता.

पुढच्या वर्षी लायसन निघालं आणि पहिल्यांदा मागच्या गाडीत बसलो, तेव्हा ते ‘नुसतं’ कळलं. चढावर टोचन सोपं असतं, दोर आपोआप ताणलेला राहतो. उतारावर मेलेली गाडी जिवंत होते. ती पुढच्या जीपवर धावून जाते, दोर सैल पडून रस्त्याला लागतो, आपलं चाक त्याच्यावर चढतं, आणि पुढच्याने जरा रेटा दिला की हिसक्याने दोर तुटतो नाहीतर गाडी आडवी होते. म्हणून उतारावर ब्रेक मागच्याने मारायचा, दोघांचा मिळून एकच. पुढच्याने फक्त खालच्या गियरमध्ये चालायचं आणि ब्रेकला शक्यतो हात लावायचा नाही. मी त्या दिवशी पंचवीस मिनिटं पाय पेडलवर ठेवून होतो. लायनिंगचा जळका वास नाकात, डोळे गोणपाटावर. ते रस्त्यापासून वीतभर वर तरंगत राहिलं पाहिजे, एवढंच बघायचं. बॅटरी गेलेल्या गाडीचा हॉर्न वाजत नाही, म्हणून गळ्यात शिट्टी. एक शिट्टी हळू, दोन थांब, तीन म्हणजे दोर सुटला. तिसरा इशारा मी जन्मात एकदाच दिला.

हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे, हे मला फार उशिरा कळलं. 1914 चा मोटार कायदा गेला, 1939 चा आला, तोही जाऊन 1 जुलै 1989 पासून 1988 चा लागू झाला. त्याच्याबरोबर रस्त्यावर गाडी कशी हाकावी याची नियमावली निघाली. आरटीओतल्या एका ओळखीच्या माणसाने ती मला वाचायला दिली. त्यात टोचनाला एक आख्खा नियम! बंद पडलेलीच गाडी ओढायची, ती जवळच्या गॅरेज किंवा पेट्रोल पंपापर्यंत. ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसनवाला माणूस बसलेला हवा, नाहीतर तिची पुढची चाकं क्रेनने उचललेली हवीत. दोन गाड्यांत 5 मीटरपेक्षा जास्त अंतर नको. दोर इतरांना दिसेल अशी व्यवस्था. मागच्या गाडीच्या पाठीवर पांढऱ्यावर काळ्या, किमान 75 मिलिमीटर उंच अक्षरांत ‘ऑन टो’. आणि वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत.

मी वाचत गेलो आणि अण्णा ऐकत होते. 24 ऐकून हसले. म्हणाले, “पंधरा मैल.” बरोबर होतं. पंचवीस न घेता चोवीसच का, तर पंधरा मैलांचे किलोमीटर केले की तेवढेच भरतात. 75 मिलिमीटर म्हणजे तीन इंच. मैल आणि इंच रस्त्यावरून कधीच गेले होते, पण नियमात मापं बदलून दबा धरून बसलेले. 5 मीटरचं गणित अण्णांच्या वावांत होतं: तीन वाव दोर घ्यायचा, गाठींत थोडा जातो, उरतो तो बरोबर. जास्त लांब ठेवला तर लोकांना दोन वेगळ्या गाड्या वाटतात आणि कुणीतरी मध्ये शिरतं. आणि चोवीसच्या वेगाने ते पाच मीटर पाऊण सेकंदात संपतात. तेवढ्यात मागच्याचा पाय पेडलवर पोचायला हवा. तो पाय लायसनवाल्याचाच हवा, असं कायदा का म्हणतो ते मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

नियम पाळायचा म्हणून बाजारातल्या पेंटरकडून पत्र्याची पाटी करून घेतली. त्याने मापं अचूक घेतली, अक्षरं सुरेख काढली, आणि TOW ऐवजी TWO लिहिलं. ‘ऑन टू’. मी परत पाठवणार होतो. अण्णा म्हणाले, राहू दे, दोन गाड्या आहेत, खोटं काय त्यात? ती पाटी पुढे वीस वर्षं घाटात फिरली आणि एकाही हवालदाराने हटकलं नाही. (शहरात ‘टोइंग’ म्हटलं की लोकांना नो-पार्किंगमधून उचललेली स्कूटर आठवते. ते कलम 127, त्याचा आमच्या दोराशी संबंध नाही.)

पैशांचाही एक मुद्दा होता. अण्णा ओढण्याचे पैसे घेत नसत, फक्त दुरुस्तीचे घेत. मला हा भोळेपणा वाटायचा. मग एका विमा एजंटाने खाजगी गाडीची पॉलिसी उघडून दाखवली: आपल्या गाडीने दुसरी एखादी बंद गाडी ओढली तरी तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचं संरक्षण चालू राहतं, पण ओढण्याबद्दल मोबदला घेतलेला नसावा. अण्णांनी पॉलिसी कधी वाचली नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच, की घाटात अडलेल्याकडून भाडं घेतलं तर शिंग्रोबा बघतो. चहा मात्र घ्यायचे, तोही गाडीवाल्याच्या आग्रहाने. चहा मोबदल्यात धरायचा की नाही, हे एजंटालाही सांगता आलं नाही.

2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाला आणि क्रेनवाले आले. त्याहून मोठा बदल गाड्यांत झाला. जुन्या गाडीचा ब्रेक इंजिन बंद असतानाही तेवढाच लागायचा, कारण तो सगळा आपल्या पायाचाच जोर असायचा. आताच्या गाडीत इंजिन बंद पडलं की ब्रेकचा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंग जड होतं, आणि किल्ली काढून ठेवली तर कुलूपच पडतं. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत लांब नेली तर गियरबॉक्स जळतो, कारण त्यात तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. ओढायचा हूकसुद्धा बंपरमागे लपवलेल्या भोकात फिरवून बसवायचा, आणि तो डिकीत स्टेपनीशेजारी असतो हे दहातल्या आठ मालकांना ठाऊक नसतं. 2017 ला 1989 ची नियमावली जाऊन नवी आली, तोवर माझा दोर खुंटीला लागला होता.

गेल्या पावसाळ्यात गॅरेजसमोरच एक ऑटोमॅटिक बंद पडली. बॅटरी पार गेलेली, गियर न्यूट्रलला येईना. मालक तरुण होता, मी काही करायच्या आत त्याने फोन करून फ्लॅटबेड मागवली. तिच्यावरच्या पोऱ्याने गाडीच्या चाकांखाली प्लास्टिकची घसरपट्टी सरकवली, विंचने ती वर ओढली, चारी चाकं पट्ट्यांनी आवळली. हात पुसताना त्याला भिंतीवरची पाटी दिसली. “काका, हे ऑन टू काय?” मी सांगितलं. तो हसला, मोबाइलवर फोटो काढला.

तेवढ्यात मालक वर चढून स्वतःच्या गाडीचं दार उघडू लागला. म्हणाला, मी आत बसतो, स्टिअरिंग धरायला कुणीतरी हवं ना?

पोऱ्या म्हणाला, “उतरा साहेब. त्यात आता कुणी बसायचं नसतं.”