डोह, काठ आणि पाणबुडी

मराठी चित्रपटात पाण्याखालच्या थराराची परंपरा नाही, असे विधान सहज केले जाते. पाणबुडीत कोंडलेले खलाशी, संपत चाललेली हवा आणि बाहेरचा अथांग काळोख एवढाच या प्रकाराचा आशय मानला, तर ते विधान खोडून काढता येणार नाही. परंतु मुंबई सोडल्यास मराठी चित्रपटाची आरंभीची केंद्रे नाशिक, कोल्हापूर व पुणे ही घाटावरची, नदीकाठची गावे होत. तेथील प्रेक्षकाला भय घालणारे पाणी समुद्राचे नव्हते, डोहाचे होते. तेव्हा परंपरेचा शोध घ्यावयाचा, तर तो डोहापासून घेतला पाहिजे.

या बाबतीत भाषेची साक्ष उपयोगी पडते. ‘पाणबुडी’ हा शब्द यंत्रापूर्वीचा आहे; पाण्यात बुडी मारणाऱ्या पक्ष्याला तो लावीत, आणि बुडी मारून वस्तू वर काढणाऱ्या माणसाला पाणबुड्या म्हणत. ‘बुडी मारणे’ यात कर्त्याची इच्छा आहे, ‘बुडणे’ यात ती नाही. दिवस बुडतो, कर्ज बुडते, राज्यही बुडते. याच्या उलट ‘तरणे’ हे क्रियापद; ‘तारू’ आणि नदी ओलांडविणारी ‘तर’ ही त्याचीच भावंडे. पाण्यावर राहणे आणि संकटातून जिवंत सुटणे या दोन्ही गोष्टींना मराठी माणूस ‘तरणे’ असेच म्हणतो. तग धरून जगण्याच्या कथेला भाषेने पाण्याचे रूपक आधीच देऊन ठेवले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

पाश्चात्त्य चित्रपटाचा मार्ग निराळा होता. ज्यूल व्हर्नची समुद्रतळावरील कादंबरी १८६९-७० मध्ये प्रसिद्ध झाली. तीवरून १९०७ मध्ये फ्रान्समध्ये मेलियेसने एक लहानसा चित्रपट काढला, आणि १९१६ मध्ये अमेरिकेत स्टुअर्ट पेटनने मोठा. पेटनच्या चित्रपटासाठी विल्यमसन बंधूंनी बहामा बेटांजवळ काचेची खिडकी असलेली कोठी नळीच्या टोकाशी पाण्यात सोडून तिच्यातून प्रत्यक्ष समुद्रतळाची दृश्ये टिपली. भारतीय वाचकाला अधिक जवळची गोष्ट अशी की, ‘नॉटिलस’चा कप्तान नेमो हा १८५७ च्या लढ्यात उतरलेला बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार असल्याचे व्हर्नने पुढील ‘रहस्यमय बेट’ या कादंबरीत उघड केले, आणि १९१६ च्या चित्रपटाने ते कथानकही स्वीकारले. बुंदेलखंडाच्या राजपुत्राला टिपूचा पुतण्या ठरविणाऱ्या लेखकाकडून इतिहासाची किंवा नामशास्त्राची अपेक्षा करू नये, हे खरे. तरी १९५४ च्या डिस्नेच्या चित्रपटात नेमोचे भारतीयत्व गळाले, ही नोंद घेण्याजोगी हानी होय. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. पडद्यावर मात्र त्याला मराठी वारस मिळाला नाही.

पेटनच्या चित्रपटानंतर तीनच वर्षांनी, १९१९ मध्ये, दादासाहेब फाळक्यांचा ‘कालियामर्दन’ आला. कृष्णाची भूमिका त्यांची सात वर्षांची कन्या मंदाकिनी हिने केली. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जतनकार्यामुळे या मूकपटाचा बराचसा भाग अभ्यासकांना पाहावयास मिळतो. त्यातील डोहाचा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. कृष्ण यमुनेत उडी घेतो. आणि मग चित्र कधी पाण्याखालची झुंज दाखविते, तर कधी काठावर जमलेले व्याकुळ गोकुळ. प्रेक्षकाला शेवट ठाऊक आहे. कालियाच्या फणांवर उभा राहूनच कृष्ण वर येणार, याविषयी कोणालाही शंका नाही. तरीही ताण निर्माण होतो, कारण काठावरच्या माणसांना तो शेवट ठाऊक नसतो. विल्यमसनांची काच प्रेक्षकाला पाण्यात नेते. फाळक्यांची रचना त्याला डोह दाखवूनही पुनःपुन्हा काठावर आणून उभा करते. पुराणकथेला विज्ञानकथा म्हणणे चुकीचे ठरेल; पण थराराची रचना म्हणून फाळक्यांची ही योजना कमी प्रतीची नाही.

दुसरे उदाहरण इंद्रायणीचे. लोणावळ्याच्या परिसरात उगम पावणारी ही नदी मावळातून, तळेगाव दाभाड्याजवळच्या वराळे गावाच्या शिवारावरून वाहत देहूला जाते, आणि पुढे आळंदीवरून तुळापूर येथे भीमेला मिळते. पावसाळ्यात काठावर येऊन पाणी किती चढले ते पाहणे हा या गावांचा नित्याचा क्रम असतो. याच नदीत तुकोबांच्या वह्या बुडविल्या गेल्या आणि तेरा दिवसांनी त्या तरल्या, अशी परंपरा आहे. दामले-फत्तेलाल यांनी ‘प्रभात’साठी १९३६ मध्ये केलेल्या ‘संत तुकाराम’मध्ये हा प्रसंग कथेच्या मर्मस्थानी आहे. येथे पाण्याखाली माणूस नाही, कागद आहे. आणि श्वास रोखून बसला आहे तो काठावरचा कवी. विष्णुपंत पागनीसांचा अभिनय या ठिकाणी हालचालींपेक्षा स्थिर बसण्यातच अधिक बोलतो. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तो असल्या संयमामुळेही असावा.

हे काठावरचे थांबणे केवळ पडद्यावरचे नव्हे. १५ जून २०२५ रोजी याच नदीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा वाहून गेलेल्यांचा शोध चालू असताना आप्त काठावरच उभे होते. पाण्याखाली काय घडत आहे हे न दिसणे, हा त्या प्रतीक्षेचा सर्वांत कठीण भाग असतो.

लोणावळ्याला १९४५ पासून ‘शिवाजी’ हे नौदलाचे अभियांत्रिकी प्रशिक्षण केंद्र आहे. समुद्रापासून दूर, इंद्रायणीच्या उगमाकडच्या डोंगरात खलाशांना जहाजाची यंत्रे शिकविली जातात. पण मराठी पटकथाकाराला तेथे कथा दिसली नाही. भारतीय पडद्यावर पाणबुडीचा थरार ठसठशीतपणे आला तो संकल्प रेड्डी यांच्या २०१७ च्या ‘गाझी’मध्ये, तेलुगू व हिंदी भाषांत. १९७१ मध्ये विशाखापट्टणजवळ बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडीवर त्याचे कथानक रचलेले आहे, आणि भारतीय पाणबुडीवरील एका अधिकाऱ्याची भूमिका अतुल कुलकर्णी यांनी केली आहे. त्यात काठ जवळजवळ नाहीसा होतो. तो उरतो बिनतारी संदेशापुरता. आपली माणसे तरली की बुडाली, हे किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांना त्या यंत्राच्या आवाजावरूनच कळावयाचे असते.